नको म्हणण्यापुरती ओळख

दुष्काळाच्या वर्षी मी लग्न होऊन काष्टीहून नगरला आले. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बोहारीण तेवढी रोज आमच्या बोळातून जायची. उंच बाई, डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर. खिडकीशी थांबून विचारायची, "जुन्या कापडावर भांडी घ्यायची का?" माझे कपडे सगळे नवे. मी आतूनच "नको" म्हणायची आणि ती पुढे जायची.

एके दिवशी मोरीत घसरून माझा पाय मोडला. नवरा संध्याकाळी येणार होता. तिची हाक ऐकू आली, पण कळांमुळे माझ्या तोंडून शब्द फुटेना. थोड्या वेळानं लोटलेलं दार उघडून तीच आत आली.

"रोज नको म्हनतीस पोरी. आज तेबी कानावर आलं न्हाई, म्हनून आले."

तिनं शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. त्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते. त्यांनी टांगा आणवला आणि दवाखान्यापर्यंत मला धरून बसल्या. पाय ठणकत होता, तरी मन हलकं झालं होतं. इतके महिने वाटायचं, या शहरात माझा आवाज कुणी ऐकतच नाही.