हजेरीतला बसवंता

पंढरी कांबळेला माणसांवर विश्वास ठेवायची सवय नव्हती, आणि नांदेडच्या त्या सरकारी हायस्कुलात तीस वर्षं दप्तर सांभाळल्यावर ती लागायचीही शक्यता नव्हती. निर्गम उतारा मागायला आलेला माणूस जन्मतारीख बदलून घ्यायलाच आलाय, असं तो धरून चालायचा. दहातल्या तिघांच्या बाबतीत ते खरं निघायचं, म्हणून उरलेल्या सातांनाही तो ताटकळत ठेवायचा.

यंदा शाळेला नव्वद वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिकेत शाळेचा इतिहास छापायचं ठरलं. पण निजामाच्या अमलातली सगळी रजिस्टरं उर्दूत. ती वाचायला मुख्याध्यापकांनी जिलानी सरांना बोलावलं. सर पंचाहत्तरीचे, याच शाळेतून निवृत्त झालेले. रोज अकराला यायचे, चष्मा पुसायचे आणि रजिस्टर उघडायचे. पंढरीनं पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची त्यांच्या समोर सरकवून घेतली.

त्याचं कारणही तसंच होतं. पंढरीचे आजोबा बसवंता या शाळेत शिकलेले, त्यांच्या वस्तीतले पहिले. सगळी वस्ती हे जाणून होती. विहारात दर जयंतीला पंढरी ते सांगायचा, आणि त्याच्या जोरावर त्यानं लेकीला, बुद्धप्रियाला, वकिलीपर्यंत शिकवलं होतं. आता ते नाव स्मरणिकेत छापून यायचं होतं. घरी तसं सांगूनही झालं होतं.

आठवडाभरानं सर म्हणाले, फसली तेराशे पंचेचाळीसचं दाखल रजिस्टर दोनदा पाहिलं, नाव नाही. पंढरीच्या कपाळावर आठी पडली. तेराशे पंचेचाळीस म्हणजे शिवाजी महाराजांच्याही आधीचं साल, हा म्हातारा आपल्याला खुळ्यात काढतोय, असं त्याला वाटलं. सरांनी शांतपणे समजावलं, फसली सालात पाचशे नव्वद मिळवायचे, म्हणजे एकोणीसशे पस्तीस येतं. पंढरीनं कॅल्क्युलेटरवर मिळवून पाहिलं. हिशेब बरोबर निघाला, तशी त्याची शंका जास्तच बळावली.

त्यात त्याच दुपारी एक गोष्ट घडली. पंढरी चहा घेऊन आला तर सर भलतंच एक पातळ रजिस्टर वाचत होते, आणि त्याला पाहताच त्यांनी ते मिटलं. चोराच्या मनात चांदणं, पंढरी मनात म्हणाला. सर गेल्यावर त्यानं त्या रजिस्टरातल्या खुणेच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि थेट उर्दू शाळेतल्या सबिहा मॅडमचं घर गाठलं.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. ही नोकरांची हजेरी आहे, त्या म्हणाल्या. मग बोट एका ओळीवर थांबलं. "बसवंता वल्द लिंबाजी." पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही.

"फुडं काय लिव्हलंय, मॅडम?"

"जारूबकश." त्यांनी मोबाइल परत दिला. "म्हंजे झाडूवाला."

पंढरी घरी गेलाच नाही. इतवारा मोहल्ल्यात सरांच्या दारात जाऊन उभा राहिला. शरमेनं त्याचा चेहरा काळवंडला होता, आणि शरमेपेक्षा राग मोठा होता. आपल्यापासून का लपवलं, असं त्यानं विचारलं.

"तुमच्या लेकीच्या हातात स्मरणिका पडंल, पंढरी," सर म्हणाले. "तिथं झाडूवाला छापू का? नाव न्हाई म्हनलं तर लोक मला खोटं म्हनतील. आजोबाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांनीच ते रजिस्टर काढून त्याच्यापुढे ठेवलं. काल पाहिलं ते एकच पान होतं, ते म्हणाले, आता पुढची पाहा. पस्तीस साली बसवंताच्या ओळीत शाईचा अंगठा. छत्तीसला अंगठा. सदतीसलाही अंगठाच. अडतीसच्या पानावर अंगठा नव्हता, तिथं वाकड्या अक्षरांची उर्दू सही होती.

व्हरांडा झाडता झाडता कुणाच्या तरी वर्गाचा धडा कानावर पडत असणार, सर म्हणाले, वर्गात तर त्याला कुणी घेतलं नसतं. पंढरीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती सही त्याला वाचता येत नव्हती, पण ओळखता आली. आजोबा पुढं गिरणीत कामाला लागले, तिथल्या त्यांच्या जुन्या पासावर हीच होती, अशीच शेवटी खाली उतरलेली. ती पाहूनच घरानं ठरवून टाकलं होतं, की आजोबा शाळेत शिकले.

त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत. मग त्यानं स्मरणिकेचं प्रूफ ओढून घेतलं, 'वस्तीतील पहिले विद्यार्थी' ही ओळ स्वतःच्या हातानं खोडली आणि वर लिहिलं: बसवंता लिंबाजी, झाडूवाला, १९३५.

"सर, सहीचा फोटो बी छापा," तो म्हणाला. "अंगठ्याचा पन. दोन्ही शेजारी शेजारी."