सकुबाईनं दार उघडलं नाही

धसईत सकुबाईच्या ओटीवर कुणी टेकलं की आधी मांडीवर मांजर यायचं, मग पाण्याचा तांब्या. सात मांजरं! कुणी हसलं तर ती ठसक्यात विचारी, "मंग भाताच्या कणग्या काय पोलीस राखतील?" सत्तरीची बाई, पण हाक अशी खणखणीत की पलीकडच्या आळीतलं मांजर शेपूट उभारून धावत येई.

यंदा भात झोडून घरात आलं आणि त्याच आठवड्यात दोन पिल्लं दोन दिवस ओकून, हगून गेली. सकुबाईनं डोळे पुसले आणि घर शुद्ध करायला ताजं शेण कालवलं. पिल्लं गेली तो कोपरा आधी सारवला. मग त्याच बादलीत हात बुचकळत चूल, माजघर, ओटी. घर कसं प्रसन्न दिसू लागलं. पाचव्या दिवशी थोरली मांजर, ठकी, पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसली. पाणी नाकाशी, पण जीभ लावेना.

सून रंजितानं तिला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि दोघी एसटीनं मुरबाडला गुरांच्या डॉक्टरकडे गेल्या.

"आजी, पिल्लं गेल्यावर घर कशानं धुतलंत?" डॉक्टरनं विचारलं.

"धुतलं नाय, सारवलं. शेणानं, सगळं घर, येका दमात!"

"म्हणजे कोपऱ्यातला रोग तुम्हीच घरभर फिरवलात. हा विषाणू आहे. माणसाला काही करत नाही, पण शेणानं मरत नाही. मातीत महिनोन्‌महिने राहतो."

सकुबाईचा चेहरा पडला. मग तिनं पदर खोचला. "माझ्या हातानं झालं ना? मंग निस्तरीन पण मीच. काय करायचं ते सांग. चार जीव अजून उभे हायेत."

ठकीला सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं घरी येऊन उरलेल्या चौघांना लस टोचली. सकुबाईनं सारवलेली जमीन बोटभर खरवडून काढली आणि ती माती खड्ड्यात पुरली. पडवीच्या फरशीवर, भांड्यांवर विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरचं पाणी फिरवलं. ठकी पडवीच्या खोलीत, बाकीची माजघरात, मधलं दार बंद. आधी चांगल्यांचं खाणंपिणं, मग आजारीचं. पडवीची चप्पल वेगळी, लुगडं वेगळं. रंजिता एकदा विसरून तशीच आत आली, तेव्हा सासू अशी कडाडली की कौलावरचे कावळे उडाले.

शेजारची भिमी कुंपणाशी येऊन म्हणाली, "गो सकू, मांजरांपायी घर उकरतेस? उद्या कौलं पण उतरव!"

"उतरवीन! पण तू तिथंच ऱ्हा. तुझ्याकडं दोन मांजरं हायेत. हितली माती तुझ्या पायानं जायची."

भिमीनं उचललेला पाय मागं घेतला. आणि सकुबाईनं तिथूनच आवाज चढवून साऱ्या आळीला ऐकवलं, "रोग माझ्या घरात हाय! माझ्याच हातानं वाढलाय! आपली मांजरं आवरा!" चूक झाकायला माणसं काय काय करतात; ही बाई ती कुंपणाशी उभी राहून सांगत होती.

तीन दिवस ती ठकीच्या तोंडात चमच्यानं साखरमिठाचं पाणी सोडत होती. चौथ्या दिवशी ठकीनं बोटावरचं मटणाचं पाणी चाटलं. आठवड्यात ती उभी राहिली आणि बंद दारावर नखं घासू लागली. पलीकडून चौघं ओरडू लागली.

"आई, बरी झाली की आता. सोडा तिला," रंजिता दाराच्या कडीला हात घालत म्हणाली.

"डाक्टर काय बोलला? बरी झाली तरी दीड महिना रोग सांडत ऱ्हाते."

सकुबाई पडवीत शिरली, दाराला पाठ लावून खाली बसली आणि ठकीला कुशीत ओढलं. पलीकडचा आरडाओरडा थांबेना.

"वरडा," ती दाराकडं तोंड करून म्हणाली. "वरडताय म्हंजी जिवंत हाय."