न बघता सांगितलेला आतला पॅड

आज मी मेकॅनिकशी भांडले आणि साफ चुकले, म्हणून लिहिते आहे.

उद्या गाडीची आरटीओत तपासणी. मुकुंदवाडीचे मेकॅनिक गौतमदादा यांनी मला गल्लीत एक फेरी मारायला लावली आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

"ताई, डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड संपलाय."

"न बघता सांगता? मी पाहिलेत. जाड आहेत."

"तुम्हाला बाहेरचाच दिसतो."

चाक उघडलं. आतल्या पॅडचा नुसता पत्रा उरला होता. परवाच नातींना घेऊन मी अजिंठ्याचा घाट उतरले होते.

"आवाजावरनं कळलं. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागलो. मशीनचा आवाज बदलला, की हात मागं. बघा, दहाच्या दहा बोटं हायेत!"

त्या बोटांकडे मी बघतच राहिले. तुमची गाडी आतून कोणी पाहिलीय?

"पुन्हा भांडायला येताना हे घेऊन या," म्हणत त्यांनी जुने चार पॅड माझ्या हाती दिले: तीन जाड, एक नुसता पत्रा.