ओढ्याची लाल रेघ

चिकलठाणा मागे टाकून मामांच्या गावच्या मोरीवर आलो, की हल्ली गाडीच्या काचा वर कराव्या लागतात. खाली ओढा. काळा, फेसाळलेला, वरच्या नव्या वसाहतीचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन संथ वाहणारा. त्या वासासरशी मला एक लाल रेघ आठवते.

उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणं हे माझं काम. त्या चित्रांत झाडी लाल उमटते. ढग आड येऊ नयेत म्हणून आम्ही चित्रं निवडतो ती उन्हाळ्यातली, आणि मग खुशाल लिहून टाकतो की इथे पाणी नाही. अशाच एका मे महिन्यात मामा लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला कचेरीत आले, तेव्हा पडद्यावर त्यांचंच शिवार होतं. सगळी भाजलेली राखाडी जमीन, आणि तिच्यातून वळणं घेत गेलेली एक बारीक लाल रेघ. मामा वाकले, रेघेवरून बोट फिरवत गेले.

"ही आपल्या ओढ्याकाठची जांभळं हायेत ना रं? वरून निस्ती वाळू दिसती, पर खालून पाणी चालूच असतंय. माझी इहीर त्याच्यावरच हाय. हे कागदावर येतंय नव्हं?"

"येतंय की, मामा," मी म्हणालो.

आभाळापलीकडच्या यंत्राला दिसलेलं, मामांना जन्मापासून ठाऊक असलेलं ते पाणी मला कळलं नव्हतं असं नाही. पण वसाहतीचा आराखडा अडू नये अशी साहेबांची इच्छा होती, आणि मी हूं की चूं न करता त्या रेघेवर 'पडीक' लिहिलं. जांभळं गेली, वाळू गेली, घरं उठली. वसाहतीला नाव दिलं तेही एका नदीचं! पण दुसऱ्यांच्या निर्लज्जपणावर कशाला बोलू? मला माझ्याच हस्ताक्षराची किळस येते.

ओढ्याखालचं पाणी मात्र अजून चालू आहे, मामा म्हणाले होते तसंच. तेच आता वरची घाण त्यांच्या विहिरीत नेऊन ओततं.

पूर्वी गेलं की मामा विहिरीच्या गार पाण्याचा तांब्या हातात देत. आज त्यांनी दुकानातली बाटली पुढे केली. "इहिरीचं देता येत नाय आता," म्हणाले, ओशाळून, जणू चूक त्यांचीच. "तुला तर वरून समदं दिसतं. एवढी घाण कशानं झाली, बघून सांग की."

मी सांगितलं. सगळं, 'पडीक'सकट.

मामांनी बाटलीचं झाकण स्वतः उघडलं. "पी," म्हणाले, "उन्हातून आलास."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तर ते पाणी घशाखाली उतरलं असतं.