कोरे रविवार

रजिस्टर मी खोटं भरलं होतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी म्हणायला नको की बाईने स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. अडीच महिन्यांच्या नोंदी, एका दुपारी, तीन पेनं घेऊन. एक निळं, एक काळं आणि एक मध्येच रुसणारं, म्हणजे अक्षर रोज वेगळं वाटावं. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा मीच मुद्दाम उठवला. काय हुशार होते मी!

आम्ही सुकेळी करतो. राजेळी जातीची पिकली केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखा रंग आला की केळीच्याच वाळक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, गुंडाळून बांधायची. वसईत पूर्वी घराघरांत व्हायची ही. आता करणारी घरं बोटांवर मोजावीत, कारण राजेळी जागा अडवते, उशिरा घड देते आणि सुकेळ्यांच्या मागे दिवसदिवस उभं राहावं लागतं. आमच्याकडे हे काम सासूचं. तिला मी आई म्हणते, आणि आमच्या गावच्या बोलीत घरातल्या माणसाला अहो-जाहो नसतं, म्हणून इथेही तिला 'ती'च म्हणणार. बोलणं तेवढं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते.

मुंबईतली नोकरी सोडून मी ह्यात उतरले तेव्हा नवरा म्हणाला, "बघ बाई." शाळामास्तर माणूस, त्यापलीकडे काही म्हणत नाही. वाडीच्या कडेला आम्ही दोन खोल्यांचं युनिट बांधलं, उन्हावर चालणारा काचेचा ड्रायर बसवला. मुंबईतल्या मोठ्या दुकानवाल्यांना माल आवडला. पण त्यांचं एकच म्हणणं, अन्नसुरक्षेचं सर्टिफिकेट आणा, मग बोलू.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "यंदा तो कागद आला तर आला. नाहीतर हे घड उतरले की राजेळी बंद. मी मुनवे लावणार नाही." मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं. ती लावली नाहीत तर पुढच्या वर्षी काही उरतच नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, उगाच धमकी देणारी नव्हे.

मग मी जी कंबर कसली! खिडक्यांना जाळ्या मारल्या. दाराखालची फट रबराने बुजवली. पाणी तपासून आणलं. बल्बवर झाकणं चढवली, कारण बल्ब फुटला तर काच मालात जाते, हे मला चेकलिस्ट वाचेपर्यंत सुचलंही नव्हतं. आमची मांजर वर्षानुवर्षं सुकेळ्यांच्या खोलीत झोपायची. तिला बाहेर काढलं तर तिने तीन दिवस दारात बसून शिव्याशाप दिले. मनवेलपाड्याहून दोघी जणी कामाला येतात. त्यांना टोपी, मास्क, अॅप्रन दिल्यावर एक दुसरीला म्हणाली, "चल गं, पेशंटला भूल दिली का बघ." हसून हसून पोट दुखलं. पण दुसऱ्या आठवड्यापासून टोपीशिवाय कुणी आत पाऊल टाकलं की त्याच दोघी ओरडायच्या.

आईच्या बांगड्यांवरून मात्र महाभारत झालं. ती म्हणे, "लग्नात घातल्या, आता मेल्यावरच उतरतील." मी म्हटलं, "मग आत येऊ नकोस." माझी जीभ ही अशी. दिवसभर अबोला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई युनिटच्या दारात उभी, हात मोकळे, केसांवर टोपी. बांगड्या स्वयंपाकघरात फुलदाणीत. म्हणाली, "काम झालं की परत घालते. मेले नाही अजून." मला इतकं भरून आलं की मी तिच्यावरच खेकसले, मास्क नीट लाव म्हणून.

राहिलं रजिस्टर. ड्रायरचं तापमान दिवसातून तीनदा लिहायचं, कुठल्या वाडीतले घड कधी आले ते लिहायचं, पाकिटं कुणाला गेली ते लिहायचं. तापमान मी बघायचे, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई प्रत्येक वेळी विचारायची, "किती?" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. मी ओरडून सांगायचे, "अठ्ठावन्न!" आणि पुढच्या कामाला पळायचे. उद्या लिहू, उद्या लिहू करत रजिस्टर कोरंच राहिलं, आणि सर्टिफिकेटसाठीचं ऑडिट आलं दोन दिवसांवर. म्हणून ती तीन पेनांची दुपार.

सगळं भरून झाल्यावर मला एवढा अभिमान वाटला की मी ते आईला वाचून दाखवायला बसले. ती सोपटं सोलत होती. मी वाचत गेले, तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिने मान वर न करताच विचारलं, "नाताळला तीन वाजता कोण गेलं होतं गं बघायला?"

मी त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं.

"नाताळला तीन वाजता तू माझ्या शेजारी बसून पाहुण्यांना वाढत होतीस. आणि हे रविवार? रविवारी आपण चर्चमध्ये मिस्साला असतो. युनिटला कुलूप असतं."

अकरा रविवार. अकराच्या अकरा रविवारी मी तापमान लिहिलं होतं. वसईच्या ख्रिस्ती घरात जन्मले, वाढले, लग्न करून वसईच्याच ख्रिस्ती घरात आले, आणि पेन हातात आल्यावर रविवार विसरले! माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि नेहमीप्रमाणे त्याचा राग झाला. "मग करू काय आता मी? सांग ना!" मी रजिस्टर आपटलं.

आई शांतपणे म्हणाली, "खोटं लिहिलंस ते फादरसमोर गुडघे टेकून सांगशील, सुटशील. त्या ऑडिटरबाईला काय सांगशील?"

मी उठून वाडीत गेले आणि पाटाच्या कडेला बसून मनसोक्त रडले. राजेळीचे घड डोक्यावर लोंबत होते. परत आले ती ठरवूनच. प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ह्या नोंदी नंतर एकदम भरल्या आहेत. धरू नयेत.' सही केली.

ऑडिटरबाई सकाळीच हजर. बारीक चणीची, कमी बोलणारी, हातात पॅड. तिने नळ सोडून पाहिले, जाळ्यांवरून बोट फिरवलं, दोघींना नखं दाखवायला लावली. आईचे मोकळे हात पाहून मान हलवली. मांजर दाराबाहेर बसून सगळं बघत होती, तिच्याकडेही एकदा पाहून घेतलं. माझा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो तोच तिने फळीवरून एक पाकीट उचललं. "हे केळं कुठल्या वाडीतलं? कधी वाळत घातलं? किती तापमानात? आणि ह्याच्याबरोबरची बाकीची पाकिटं आज कुठे आहेत? दोन तास देते."

पाकिटावर तारीख डिसेंबरमधली. मी रजिस्टर आणून तिच्यापुढे उघडलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तीन पेनं, चहाचा डाग, अकरा रविवार, सगळं. तिने पानं चाळली. तिरक्या रेघेखालची माझी सही वाचली. दोघी मनवेलपाडेकरणी भिंतीला चिकटून उभ्या. मला डोळ्यांसमोर रिकामी वाडी दिसायला लागली.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "तारीख काय आहे पाकिटावर?"

मी सांगितली. ती तरातरा घरात गेली आणि स्वयंपाकघरातलं चर्चचं कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन आली. नव्या कॅलेंडरखाली जुनंही अडकवलेलं होतं. दुधाचे हिशेब आणि गॅसची टाकी लिहायचं ते कॅलेंडर, मी रोज त्यावर तारीख बघायचे आणि तेवढंच बघायचे. आईने चष्मा लावला, डिसेंबरचं पान काढलं आणि शिसपेन्सिलीने लिहिलेलं ते मुंगीएवढं अक्षर वाचायला लागली.

"घड तीन, मधल्या वाडीतले. ऊन चांगलं. सकाळी बावन्न, दुपारी अठ्ठावन्न, संध्याकाळी पंचेचाळीस."

मी आ वासून बघत राहिले. अगं बाई, तो माझाच आकडा! मी खिडकीतून ओरडत होते आणि ती लिहून घेत होती. रोज. तीन वेळा.

"दुसऱ्या दिवशी ढग," ती पुढे वाचू लागली. "माल हलवला नाही. सातव्या दिवशी बांधला. तीस पाकिटं. दहा इथे फळीवर, वीस पाचूबंदरच्या बाईला."

ऑडिटरबाई म्हणाली, "तिला फोन लावा." लावला. पाचूबंदरची ती बाई बाजारात सुकी मासळी विकते, एका कडेला आमची सुकेळीही ठेवते. पलीकडे मासळीबाजाराचा गलका. "हा, हायेत ना माझ्याकडं, सहा उरलीत," ती ओरडली. "मासळीपासून लांब, डब्यात ठेवलीत. पानी नाय लागलं, काय नाय! काय झालं, कोन मेलं काय?" मी फळीवरची मोजली, दहा. तिने विकलेली चौदा, उरलेली सहा. तीसच्या तीस. घड्याळात जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

ऑडिटरबाई कॅलेंडर हातात घेऊन बराच वेळ पानं उलटत होती. मग तिने आईला विचारलं, "हे चौकोन रिकामे कसे?"

"रविवार आहेत ते," आई म्हणाली. "रविवारी आम्ही काम करत नाही. काम नाही तर लिहू काय?"

बाई पहिल्यांदा हसली. "आजी, हे कोरे आहेत म्हणून बाकीच्यांवर माझा विश्वास बसला."

मी तिथेच, टोपी-मास्क-अॅप्रनसकट, आईला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, हात धुवावे लागतील परत."

रजिस्टरबद्दल आमच्यावर एक त्रुटी निघाली. निघायलाच हवी होती. महिन्याभरात ती दूर करायची होती, ती आम्ही आठवड्यात केली. रजिस्टर बंद करून कॅलेंडरच्याच मापाचे मोठे तक्ते छापून घेतले आणि शिसपेन्सिलीच्या जागी पेन आलं. त्या जुन्या कॅलेंडरला नंबर मिळाला, फाइलमध्ये त्याची नोंद झाली, आणि ते जपून ठेवा असं बाईने लेखी बजावलं. आजवर आई जुन्या कॅलेंडरची पानं फळ्यांवर अंथरायची. "मला काय ठाऊक, ह्याला रेकॉर्ड म्हणतात?" ती म्हणाली. "मी आपली दुधाबरोबर लिहीत होते."

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी मी गावभर फोन केले. मनवेलपाड्याच्या दोघींनी त्याच्याबरोबर फोटो काढले, टोप्या घालून. आईने ते उलटसुलट पाहिलं, "एवढाच कागद?" म्हणाली आणि बांगड्या घालायला आत गेली. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, मुनव्यांबद्दल. पण अक्षर नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पावसाला सुरुवात झाली आणि एकदा नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या नव्या कॅलेंडरवर शाळेच्या मीटिंगची वेळ लिहिली. आई केवढ्याने ओरडली! "त्याला हात लावायचा नाही! रेकॉर्ड आहे ते!" मास्तर घाबरून दोन पावलं मागे सरले. मी हसत हसत पुढे झाले, काय एवढं लिहिलंय बघू म्हणून, आणि त्या आठवड्याच्या शनिवारी मुंगीएवढ्या अक्षरात दिसलं, 'राजेळीचे मुनवे लावले. चाळीस.'

"आई, चाळीस?" मी गर्रकन वळले. "एवढ्यांना जागा कुठे होती? कधी लावलेस? कुणी सांगितलं नाही मला!"

"लिहिलंय ना तिथे," ती म्हणाली. "वाचत जा."