सातव्या मजल्यावरचा हंगाम

एका सज्जन माणसाला मी सबंध हंगामभर, शनिवारमागून शनिवार, फसवत होतो आणि त्याच्या बदल्यात त्याने मला ‘उस्ताद’ ही पदवी दिली. ही गोष्ट मी पत्नीलाही कळू दिली नव्हती. हे सज्जन म्हणजे अल मजाज वस्तीतल्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणारे, मूळचे रत्नागिरीकडचे चाचा. भविष्याची इतकी अदब राखणारा माणूस साऱ्या अमिरातीत दुसरा नसेल. आपण सगळे उद्या काय होणार म्हणून झुरतो. चाचांना नव्वद वर्षांपूर्वी काय झाले हेसुद्धा वेळेआधी जाणून घ्यायचे नसे.

चाचांचे आजोबा बोटीवर खलाशी होते. दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत त्यांची बोट विलायतेतल्या एका बंदरात आठ-नऊ महिने अडकून पडली आणि आजोबांना त्या गावच्या फुटबॉल संघाचा नाद लागला. दर शनिवारच्या सामन्यांचे निकाल वर्तमानपत्रातून कापून त्यांनी एका जाड वहीत चिकटवले, एका शनिवारला एक पान. भावाने गावचे घर आवरताना ती वही चाचांकडे धाडली. दुसऱ्या कोणी ती एका बैठकीत वाचून संपवली असती. चाचांनी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पहिले पान उघडले आणि पुढची सगळी पाने चाचींच्या जुन्या ओढणीत बांधून टाकली. “आजोबांना पुढचं कुठे ठाऊक होतं? मग मला कशाला?” तिकडे तीनला सामना सुरू होई, म्हणजे आपल्याकडे थंडीत सात आणि उन्हाळ्यात सहा. त्यानुसार निकाल वाचायचा तो पावणेनऊला किंवा पावणेआठला. त्याआधी एक मिनिटही नाही. सामने कोणाकोणाचे ते वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या यादीत होते; चाचा दर शनिवारी मला बोलावत, आणि निकालापर्यंत कडक चहा आणि आम्हा दोघांची भाकिते.

जानेवारीत ते एसी सोळावर लावून स्वेटर घालून बसत, कारण तिकडे मैदानावर बर्फ होता. चाची शालीतून हात बाहेर काढून म्हणत, “खेळणारे धावून गरम तरी होत असतील. आपण काय करायचं?” नाताळच्या दिवशीही तेव्हा सामने होत असत, आणि त्यांचेही एक पान वहीत होते. आमचे ऑफिस त्या दिवशी चालू, पण चाचांनी सकाळीच बजावले, “आज मॅच आहे, उशीर नको,” आणि मी मॅनेजरला पोट बिघडल्याचे सांगून लवकर निघालो. माझ्या मुलीने एकदा त्यांना समजावून पाहिले, “चाचा, दिस मॅच इज ओव्हर. दे आर ऑल डेड.” चाचा शांतपणे म्हणाले, “तुझ्याकडे संपली असेल बेटा. माझ्याकडे अजून टॉस व्हायचाय.”

पहिल्या शनिवारी माझी सगळी भाकिते चुकली. चाचा नुसते हसले, “होतं असं.” ते हसू मला झोंबले. मी एका बांधकाम कंपनीत कागदपत्रे सांभाळतो. तिथे मला तेवीस वर्षांत कोणी मत विचारलेले नाही. दुसऱ्या आठवड्यात दुबईच्या बसमध्ये, अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, मी फोनवर तो हंगाम शोधला. सगळा होता, शेवटच्या गुणतक्त्यासकट. त्यानंतर मी दर शनिवारी डोळे मिटून, कपाळाला बोट लावून निकाल सांगू लागलो. संशय येऊ नये म्हणून एखादा मुद्दाम चुकवत असे. लबाडीतही मी माझा ऑफिसातला नेटकेपणा सोडला नाही. आमच्या बंदराच्या संघाबाबत मात्र कधी चुकलो नाही. चाचा लिफ्टमध्ये लोकांना थांबवून माझी ओळख करून देत, आणि मी, देवा, विनयाने मान खाली घालत असे.

मे महिन्यात हंगामाचा शेवटचा शनिवार आला. तक्त्यातले तळाचे दोन संघ खालच्या वर्गात ढकलले जायचे, आणि आमचा संघ शेवटून दुसरा होता. जिंकला तरच वाचणार. चाचा दोन दिवस आधीच दारात आले. “उस्ताद, खरं सांगा. वाचतो ना आपण?”

तीन-शून्यने हरणार हे मला आठ महिने ठाऊक होते. “वाचतो, चाचा,” मी म्हणालो. “दोन-एक.”

“इन्शाल्ला,” म्हणून ते थेट रोल्ल्याच्या बाजारात मटण आणायला गेले.

शनिवारी आधी बिर्याणी झाली, मग पावणेआठला ओढणीची गाठ सुटली. चाचांनी आमच्या संघाच्या ओळीवरून दोनदा बोट फिरवले, वही मिटली आणि पुन्हा ओढणीत बांधली. मग उठून माझ्या खांद्यावर थोपटले. “मनाला लावून घेऊ नका, उस्ताद. मोठमोठे चुकतात.”

पुढचे दोन महिने त्यांनी मला शनिवारी बोलावले नाही. मला वाटले, रागावले. मग एकदा लिफ्टमध्ये शिरताना माझ्या कानावर पडले, चाचा वॉचमनला हळू आवाजात सांगत होते, “इनके सामने फुटबॉल की बात मत करना. दिल पे ले लिया है बेचारे ने.”

त्या शनिवारी मी आपणहून सातव्या मजल्यावर गेलो. बसायच्या आधीच सगळे सांगून टाकले: फोन, बस, कपाळावरचे बोट.

चाचांनी चष्मा काढला. “म्हणजे शेवटच्या दिवशी तुम्ही चुकला नव्हता?”

“नाही.”

“आणि बिर्याणी?”

“माहीत असून खाल्ली. दोनदा वाढून घेतली.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमचा चेहरा पडलेला बघवला नसता.”

“तो पडलाच की,” चाचा म्हणाले. “मला वाटलं, आपण दोघं मिळून हरलो. मी एकटाच हरत होतो, साहेब.”

इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांनी मला उस्ताद म्हटले नव्हते. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला; चाची ऐकत असाव्यात. त्यांनाही नीट ऐकू जावे अशा आवाजात मी म्हणालो, “चाचा, मी चुकलो. तुम्हाला एकटं हरू दिलं. मला माफ करा.”