उधारीची माचिस

वडील गेल्यापासून एटापल्लीचं आमचं किराणा दुकान आठवलं की आधी समोरचा शिंपी डोळ्यांपुढे येतो. गळ्यात टेप, आणि बोलताना नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नाही, कॉलरवर.

एकदा आजारपणात त्याची उधारी थकली. तेव्हा तो दुकान टाळून मागच्या वाटेने जाऊ लागला. पुढे त्याने सगळी फेडली, पण वडिलांनी त्याला पुन्हा उधार दिलं नाही. मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला.

"भाऊ, एक माचिस द्या. उधार."

"खिशात पैसे वाजून राह्यले तुया. उधार काऊन मागतं?"

"रोखीनं तर तुमी कोनालेबी देता. उधार नेल्याबिगर, मी वापस आनून देतो हे तुमाले दिसन कसं?"

शेवटी कंटाळून वडिलांनी एक माचिस दिली. सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो पैसे घेऊन हजर. हे पुढे कितीतरी महिने चाललं. तो विडीसुद्धा ओढत नसे; त्या माचिसांचं काय करायचा, कोण जाणे.

मग एका बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, त्याने तांदूळ घेतला आणि पैशांसाठी खिशात हात घातला.

"राहू दे," वडील सगळ्यांदेखत म्हणाले. "देजो मंग. तू कुठी पळून चालला?"

तो खिशात हात तसाच ठेवून उभा राहिला. मागचे लोक "सरक ना गा" म्हणून ओरडू लागले, तरी त्याला हलवेना.